कमी बजेटमध्ये ई-रीडर: आधी पुस्तकं, मग फाइल, यंत्र सगळ्यात शेवटी

ई-रीडर घेताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. किंडल की कोबो, सहा इंची की सात इंची, सवलतीचा सेल कधी लागणार, यात पंधरवडा जातो. यंत्र घरी येतं आणि मग कळतं की ज्या मराठी कादंबऱ्यांसाठी ते घेतलं त्या त्यावर उघडतच नाहीत. किंवा उघडतात, पण अक्षर इतकं बारीक की दोन पानांत डोळे दुखतात. दोष यंत्राचा नसतो, क्रमाचा असतो.

खालचा क्रम साधारण आठ ते सतरा हजार रुपयांत ई-रीडर घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी आहे. पहिल्या चार टप्प्यांना पैसे लागत नाहीत, एक शनिवार-रविवार पुरतो. ते गाळून थेट पाचव्यावर गेलात तर तिथला निर्णय निव्वळ अंदाज ठरेल.

## टप्पा १: वीस पुस्तकांची यादी

येत्या वर्षभरात खरोखर वाचणार आहात अशी वीस पुस्तकं लिहून काढा. ‘कधीतरी वाचायला हवीत’ अशी यात नकोत. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: भाषा, कुठे मिळतं, कोणत्या रूपात मिळतं.

विकतच्या पुस्तकांसाठी किंडल स्टोअर, बुकगंगा, गूगल प्ले बुक्स आणि कोबो स्टोअर या चार ठिकाणी शोधा. किंडल स्टोअरवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून आहेत, पण प्रत्येक प्रकाशक तिथे नाही. एकाच लेखकाची चार पुस्तकं किंडलवर आणि सहा फक्त बुकगंगावर, असंही दिसेल. फुकट आणि कायदेशीर पुस्तकांसाठी ई-साहित्य प्रतिष्ठान, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं संकेतस्थळ, मराठी विकिस्रोत आणि इंटरनेट अर्काइव्ह पाहा.

शोधताना नाव देवनागरीत टाका आणि रोमन लिपीतही टाका. दुकानांच्या नोंदींत शुद्धलेखन एकसारखं नसतं. ‘दीर्घ’ची वेलांटी एका ठिकाणी पहिली आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी, एवढ्यानेही पुस्तक सापडत नाही. सापडलं की ती छापील प्रतीची नोंद आहे की ई-बुकची, हे पाहूनच रकाना भरा.

तपासणी: वीसपैकी बारा किंवा जास्त नावं एकाच ठिकाणी असतील तर ते तुमचं दुकान. निम्मी नावं कुठेच ई-रूपात नसतील तर खरेदी लांबणीवर टाका. त्या पुस्तकांसाठी ग्रंथालयाची वर्गणीच स्वस्त पडते.

## टप्पा २: फाइल कोणत्या जातीची आहे ते ओळखा

सर्वाधिक पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सावकाश.

कुलूपबंद पुस्तक. विकत घेतलेल्या बहुतेक ई-बुकांना डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप असतं. किंडलवरचं कुलूपबंद पुस्तक किंडल यंत्रात किंवा किंडलच्या ॲपमध्येच उघडतं. बुकगंगाचं पुस्तक बुकगंगाच्या ॲपमध्ये उघडतं, म्हणजे फोन, टॅब्लेट, संगणक किंवा अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर. साध्या किंडलवर किंवा कोबोवर नाही. गूगल प्लेवरची बरीच पुस्तकं अडोबीच्या कुलपासह संगणकावर उतरवता येतात आणि ‘अडोबी डिजिटल एडिशन्स’ या मोफत प्रोग्रॅममधून कोबो किंवा पॉकेटबुकवर जातात. किंडल अडोबीचं कुलूप ओळखत नाही.

‘आज किंडलवर घेऊ, उद्या दुसऱ्या यंत्रावर नेऊ’ असा बेत असेल तर तो सोडा. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलवर टाकायची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली आहे. दुकान निवडणं म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांचं यंत्र निवडणं आहे.

मोकळं ईपब. ईपब हा ई-बुकांचा सर्रास वापरला जाणारा प्रकार; कुलूप नसलेली ईपब फाइल सगळ्यात सोयीची. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. मराठी विकिस्रोतावरचं पुस्तक ईपब म्हणून उतरवता येतं. कोबो आणि पॉकेटबुक ईपब थेट उघडतात. किंडलवर ते ‘सेंड टू किंडल’ सेवेतून, म्हणजे ईमेलने किंवा वेबच्या पानावरून, पाठवावं लागतं. यूएसबीने ईपब तसंच टाकलं तर किंडल त्याची दखलच घेत नाही.

युनिकोडमधली पीडीएफ. पान ठरलेल्या आकाराचं, पण आतला मजकूर खरा मराठी; युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत. गरज पडली तर बदलून घेता येते, थोडीफार डागडुजी करून.

जुन्या फॉन्टची पीडीएफ. श्रीलिपी, कृतिदेव किंवा त्या पिढीतल्या इतर फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तकं पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतात. आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. मराठी रूप फक्त फॉन्टमुळे येतं. असली फाइल ईपबमध्ये बदलली की फॉन्ट गळतो आणि खिचडी उघडी पडते. फुकट मिळणाऱ्या मराठी पीडीएफमध्ये असल्या फाइली भरपूर आहेत.

स्कॅन केलेली पीडीएफ. पानांचे फोटो. यात मजकूर नाहीच. इंटरनेट अर्काइव्ह अशा पुस्तकांचं ईपबही देऊ करतं, पण ते यंत्राने आपोआप वाचून काढलेलं असतं. जुन्या मराठी छपाईत रफार आणि जोडाक्षरं यंत्राला इतकी चकवतात की असं ईपब सलग वाचणं अशक्य होतं. तिथे मूळ पीडीएफच उतरवा.

तपासणी, दोन मिनिटांची: पीडीएफ संगणकावर उघडा. एक परिच्छेद निवडा, कॉपी करा, कोऱ्या पानावर पेस्ट करा.

- मराठीच आली: युनिकोड.
- रोमन अक्षरांचा कचरा आला: जुना फॉन्ट. बदलायच्या फंदात पडू नका, ही फाइल पीडीएफ म्हणूनच वाचायची.
- काहीच निवडता येईना: स्कॅन.

यादीच्या तिसऱ्या रकान्यात हे लिहा. जुना फॉन्ट आणि स्कॅन मिळून निम्म्याहून जास्त असतील तर चौथा टप्पा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

सावधान: ‘हा रीडर पीडीएफ चालवतो’ हे जाहिरातीतलं वाक्य खरं असतं आणि निरुपयोगी असतं. सगळेच चालवतात. पान वाचता येतं का, हा प्रश्न वेगळा.

## टप्पा ३: देवनागरीची परीक्षा

इंग्रजी मजकूर कोणत्याही ई-रीडरवर चांगलाच दिसतो, म्हणून इंग्रजी परीक्षणं वाचून मराठीचा अंदाज येत नाही. देवनागरीत जोडाक्षरं जुळवावी लागतात, वेलांटी मागे न्यावी लागते, रफार पुढच्या अक्षरावर चढवावा लागतो. हे काम वाचन-प्रोग्रॅम करतो, आणि सगळे ते सारखंच नीट करत नाहीत.

चाचणीची फाइल स्वतः बनवा:

१. गूगल डॉक्समध्ये नवा दस्तऐवज उघडा आणि ही ओळ टाका: ‘तिसऱ्या ॲल्बममधली कर्तृत्ववान स्त्री, ज्ञानेश्वरी, दुर्दैव, हृदय, क्लिष्ट श्लोक, वाऱ्यावर, निर्मिती, शृंगार, उद्ध्वस्त.’

२. खाली एखादा लांब परिच्छेद चिकटवा, किमान दोनशे शब्दांचा.

३. संगणकावर फाइल मेनूतून ‘डाउनलोड’ आणि तिथे ईपब निवडा.

४. ही फाइल ज्या यंत्राचा विचार आहे त्यावर उघडून पाहा. मित्राचं, ग्रंथालयातलं, विक्रेत्याचं, कुणाचंही चालेल. मित्राचं किंडल असेल तर फाइल त्याला द्या आणि त्याच्या खात्यातून पाठवायला सांगा.

काय बघायचं? ‘तिसऱ्या’मधला ऱ्य नीट आला पाहिजे. ही खूण मराठीत रोज लागते, हिंदीत लागत नाही, त्यामुळे हिंदीपुरती तपासलेली यंत्रं इथे अडखळतात. ‘ॲ’च्या जागी चौकोन दिसला तर फॉन्ट जुना आहे. ‘निर्मिती’मध्ये रफार ‘मि’च्या डोक्यावर आणि वेलांटी ‘म’च्या आधी हवी. ‘उद्ध्वस्त’ पाय मोडून, हलन्त दाखवत आलं तर वाचता येतं, पण शंभर पानांनंतर खटकू लागतं.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर घाबरायचं कारण नाही; तो फॉन्टचा प्रश्न आहे आणि फुकटात सुटतो. गूगल फॉन्ट्सवर ‘टिरो देवनागरी मराठी’ हा खास मराठी वळणाचा फॉन्ट मोफत आहे. किंडल आणि कोबो दोन्हींत यूएसबीने जोडून ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये तो टाकायचा (कोबोवर हा फोल्डर आपण बनवायचा, नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत: fonts) आणि पुस्तक उघडून फॉन्टच्या यादीतून निवडायचा.

जोडाक्षरंच तुटत असतील तर मात्र फॉन्ट बदलून भागत नाही. कोबोवर ही तक्रार साध्या ईपबमध्ये दिसली तर फाइल ‘केपब’ प्रकारात बदलून पाहा. कोबो तो प्रकार वेगळ्या इंजिनाने उघडतो. कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम हे काम करतो. तरी जमलं नाही तर केओरीडर हा मोफत वाचन-प्रोग्रॅम कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइडवर टाकता येतो आणि देवनागरी नीट जुळवतो. किंडलवर तो टाकायचा तर यंत्राची सुरक्षा फोडावी लागते. नव्या, वॉरंटीतल्या यंत्रावर ते करू नये.

तपासणी: यंत्र हाताशी नसेल तर किमान एवढं करा. किंडलचं मोफत ॲप फोनवर घ्या, यादीतल्या पाच मराठी पुस्तकांचे मोफत नमुने उतरवा आणि अक्षर मोठं करून पाहा. अक्षर मोठं होत नसेल, पान फक्त ताणलं जात असेल, तर ते पुस्तक पानांची चित्रं जोडून बनवलंय. सहा इंची पडद्यावर ते घेऊ नका.

## टप्पा ४: कागद कापून पडदा ठरवा

पडद्याचा आकार इंचात सांगतात तो कर्णाचा. वाचायला मिळतं ते क्षेत्र मिलिमीटरमध्ये असं:

- ६ इंच: साधारण ९१ × १२३
- ७ इंच: साधारण १०७ × १४२
- ७.८ इंच: साधारण ११९ × १५८
- १०.३ इंच: साधारण १५७ × २०९

कोऱ्या कागदाचे हे चार तुकडे कापा आणि घरातल्या मराठी पुस्तकावर ठेवून बघा. डेमी आकाराचं पुस्तक साधारण १४० × २१६ मिलिमीटर असतं. त्याचं स्कॅन सहा इंची पडद्यावर अख्खं पान दिसेल असं बसवलं तर उंची ५७ टक्के उरते; छापील १२ पॉइंटचं अक्षर सातच्या आसपास येतं. सात इंचावर ते आठ होतं. पानाचे समास कापून टाकले की दोन्हीकडे साधारण एका पॉइंटची भर पडते, म्हणून डेमी पुस्तकाचं स्कॅन सात इंचावर वाचण्याजोगं होतं, सहावर नाही.

ए४ आकाराची पीडीएफ, म्हणजे सरकारी अहवाल, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, प्रबंध, सहा इंचावर ४१ टक्क्यांवर येते. १२ पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं होतं. औषधाच्या डबीतल्या घडीच्या कागदावर तेवढं असतं. आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचता येतं, पण ई-इंकचा, म्हणजे ई-रीडरचा कागदासारखा पडदा सरकवताना दर वेळी थबकतो आणि वैताग येतो.

तपासणी: शंका असेल तर तुमच्या यादीतल्या पीडीएफचं एक पान प्रिंट करताना प्रमाण ए४साठी ४१ टक्के, डेमीसाठी ५७ टक्के ठेवा. तो कागद रात्री पलंगावर नेहमीच्या उजेडात पाच मिनिटं वाचा.

यादीत ए४ पीडीएफ जास्त आणि बजेट पंधरा हजारांच्या आत, असं असेल तर सरळ सांगायचं तर ई-रीडर घेऊच नका. त्या पैशात दहा इंची साधा टॅब्लेट येतो. डोळ्यांना तो ई-इंकइतका सुखाचा नाही, पण पान वाचता येतं.

## टप्पा ५: आता कंपन्या

यादी, फाइलींच्या जाती आणि पडदा ठरला की बहुतेक पर्याय आपोआप गळतात. उरलेल्यांबद्दल:

किंडल. यादीतली बहुतेक मराठी पुस्तकं किंडल स्टोअरवर असतील तर दुसरा विचार नको. साधं किंडल २०२२ पासून ६ इंच, ३०० पीपीआय (दर इंचात किती ठिपके; जास्त तेवढं अक्षर रेखीव), १६ जीबी आणि यूएसबी-सी आहे. पाण्यापासून संरक्षण नाही आणि प्रकाश फक्त पांढरा. २०२४ च्या पेपरव्हाइटचा पडदा ७ इंची, प्रकाश पिवळसर करता येतो आणि पाण्यापासून आयपीएक्स८ दर्जाचं संरक्षण आहे. हे मॉडेल भारतात एप्रिल २०२५ मध्ये १६,९९९ रुपयांना आलं. फक्त विकतच्या कादंबऱ्या वाचायच्या असतील तर साधं किंडल पुरतं. यादीत डेमी स्कॅन असतील किंवा चाळिशी लागली असेल तर वरचे पैसे सातव्या इंचासाठी खर्च करा. देवनागरीला वर-खाली मात्रांसाठी जागा लागते, म्हणून त्याच पडद्यावर इंग्रजीपेक्षा मोठं अक्षर ठेवावं लागतं आणि ओळीत शब्द कमी मावतात.

सावधान: ‘नवं, सीलबंद, स्वस्त’ म्हणून २०१९ चं साधं किंडल अजूनही विकलं जातं. त्याचा पडदा १६७ पीपीआयचा आहे. इंग्रजी त्यावर ठीक दिसतं, पण ‘क्लिष्ट’मधला ष्ट गिचमिड होतो. चार्जिंगचं भोक मायक्रो-यूएसबी असेल तर समजा माल जुना.

कोबो. मोकळी ईपब जास्त असतील, गूगल प्लेवरून खरेदी असेल, किंवा एका दुकानाला बांधून घ्यायचं नसेल तर हा चांगला. २०२४ चं क्लारा बीडब्ल्यू ६ इंच, ३०० पीपीआय, १६ जीबी, आयपीएक्स८ आणि पिवळसर प्रकाशासह येतं; म्हणजे आकार साध्या किंडलचा, सोयी पेपरव्हाइटच्या. भारतात मिळणारा कोबो बऱ्याचदा आयात केलेला असतो, तेव्हा वॉरंटी कोण देणार आणि दुरुस्तीला यंत्र कुठे पाठवायचं, हे बिलावर लिहून घ्या. कॅनडा, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या मराठी वाचकांना कोबोचा वेगळा फायदा आहे: तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांची ओव्हरड्राइव्ह या ई-बुक सेवेवरची पुस्तकं यंत्रातूनच उसनी घेता येतात. मराठी पुस्तकं त्यात क्वचितच, इंग्रजी भरपूर. अमेरिकेतल्या ग्रंथालयांची किंडलवरही येतात. इतर देशांत किंडलवर ही सोय नाही.

रंगीत मॉडेलच्या मोहात पडू नका. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यावर काळं-पांढरं ३०० पीपीआय असलं तरी रंग १५० पीपीआयचे असतात आणि रंगांच्या थरामुळे पडदा जरा काळवंडलेला दिसतो, मग दिवसाही दिवा लावावा लागतो. दिवाळी अंकांची चित्रं बघायला सहा इंची रंगीत पडदा घेणं व्यर्थ आहे.

पॉकेटबुक. फाइलींच्या प्रकारांबाबत सगळ्यात उदार. पण मॉडेलचं पूर्ण नाव वाचा: व्हर्स २१२ पीपीआय आहे, व्हर्स प्रो ३०० पीपीआय. देवनागरीसाठी तो फरक नजरेत येतो.

ओनिक्स बूक्स आणि इतर अँड्रॉइड रीडर. बुकगंगाची पुस्तकं ई-इंकवर वाचायची असतील तर रस्ता हाच. किंडल, बुकगंगा, कोबो, गूगल प्ले, सगळी ॲप्स एका यंत्रात. बदल्यात किंमत जास्त, चार्जिंग लवकर संपतं आणि फोनसारख्या सूचना वाचनात घुसतात. ॲप्स ई-इंकसाठी बनवलेली नसतात, त्यामुळे पान उलटताना मागच्या अक्षरांची सावली राहते. प्रत्येक ॲपसाठी पडदा ताजा होण्याची पद्धत वेगळी ठरवावी लागते. खरेदीआधी यंत्रातली अँड्रॉइडची आवृत्ती बघा आणि हवं ते ॲप त्या आवृत्तीवर चालतं का ते प्ले स्टोअरवर ताडून घ्या. दोन जीबी रॅममध्ये एका वेळी एकच ॲप उघडं ठेवायची तयारी हवी.

सावधान: तीन-चार हजारांत ‘७ इंची रंगीत ई-बुक रीडर, ८०० × ४८०’ असं दिसलं तर तो ई-रीडर नव्हे, जुनाट एलसीडी पडदा आहे. वर्णनात ई-इंक किंवा ई-पेपर हा शब्द स्पष्ट असला पाहिजे.

बॅटरीवर फार विचार करू नका. ‘बारा आठवडे’ हा आकडा रोज अर्धा तास, वाय-फाय बंद, प्रकाश मध्यम, या हिशेबाचा असतो. म्हणजे सुमारे ४२ तास वाचन. ‘सहा आठवडे’ म्हणजे २१ तास. दोन्ही पुरतात. साठवणुकीचंही तसंच: मजकुराचं ईपब एक-दोन एमबीचं असतं, १६ जीबी भरायला जन्म जाईल. शेकडो स्कॅन ठेवायचे असतील तरच ३२ जीबी.

## टप्पा ६: बेरीज करा

यंत्राची छापील किंमत म्हणजे बजेट नव्हे. समजा हातात १२,००० रुपये आहेत. त्यातून आधी कव्हरचे ८०० ते १,२०० बाजूला काढा. कव्हर ही चैन नाही: ई-इंकच्या पडद्याआड बहुधा पातळ काच असते, ती दाबाने आतूनच तडकते, आणि पडदा बदलायचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही.

उरलेल्यातून पहिल्या पाच पुस्तकांचे पैसे काढा, साधारण १,००० रुपये. मग यंत्रासाठी सुमारे १०,००० राहतात. चार्जर वेगळा घेऊ नका. फोनचा ५ व्होल्टचा साधा चार्जर चालतो.

परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि कर धरून दारात पडणारी किंमत आधी विचारा. नातेवाईक आणणार असतील तर वॉरंटी त्या देशापुरतीच असते हे लक्षात ठेवा. पुस्तकांच्या मासिक वर्गणी योजनेचा हिशेब यादीवरून करा: वीसपैकी किती पुस्तकं त्या योजनेत आहेत? तीन-चारच असतील तर सुटी खरेदी स्वस्त.

## टप्पा ७: जुनं यंत्र घ्यायचं असेल तर

आठ हजारांच्या आत बऱ्याचदा हाच शहाणा पर्याय. जुन्या साध्या किंडलपेक्षा जुना पेपरव्हाइट घ्या. २०१८ चा पेपरव्हाइट ६ इंच, ३०० पीपीआय आणि आयपीएक्स८ आहे, फक्त मायक्रो-यूएसबी. विक्रेत्याला प्रत्यक्ष भेटा आणि हे याच क्रमाने करा:

१. यंत्र चालू करून सेटिंगमध्ये जा. आधीच्या मालकाच्या खात्यातून नोंदणी काढायला लावा आणि तुमच्यासमोर रीसेट करायला लावा. पासकोड किंवा बालनियंत्रणाचा पिन मागितला आणि विक्रेत्याला तो ठाऊक नसला तर तिथेच थांबा.

२. फोनचा हॉटस्पॉट लावून तुमच्या खात्यात नोंदणी करा. हरवलं किंवा चोरीला गेलं म्हणून नोंद झालेलं किंडल इथे अडकतं. नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय पैसे देऊ नका. हॉटस्पॉट दिसत नसेल तर तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, कारण बऱ्याच जुन्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झ कळत नाही.

३. प्रकाश पूर्ण वाढवा आणि सावलीत नेऊन पडदा बघा. खालच्या कडेला दिव्यांचे हलके कवडसे चालतात. मध्ये पिवळा डाग, न बदलणारी रेघ किंवा पिनच्या टोकाएवढे पांढरे ठिपके असतील तर नको.

४. दहा पानं भराभर उलटा. हलकी सावली राहणं स्वाभाविक आहे. पूर्ण ताजं झाल्यावरही मागची ओळ वाचता येत असेल तर पडदा थकलाय.

५. केबल लावून भोक हलवा. चार्जिंगची खूण जात-येत असेल तर भोक सैल झालंय.

६. चार्ज किती आहे ते बघा, वीस मिनिटं दिवा लावून पानं उलटत राहा, पुन्हा बघा. पाच टक्क्यांहून जास्त उतरला तर बॅटरी संपत आलेली.

## टप्पा ८: परतीची मुदत संपायच्या आत

नवं यंत्र आलं की परतीची शेवटची तारीख खोक्यावर लिहा. मुदतीत पैसे परत मिळतात की फक्त बदलून मिळतं, हे बिलावर पुन्हा वाचा. मग क्रमाने:

१. पूर्ण चार्ज करून सॉफ्टवेअर अद्ययावत करा. फॉन्ट आणि देवनागरीच्या सुधारणा त्यातूनच येतात, तेव्हा जुन्या सॉफ्टवेअरवर निकाल देऊ नका.

२. तिसऱ्या टप्प्यातली चाचणीची फाइल उघडा.

३. यादीतल्या प्रत्येक जातीची एक-एक फाइल टाका. किंडलवर ईमेलने ५० एमबीपर्यंत, वेबच्या पानावरून २०० एमबीपर्यंत फाइल जाते. मोठी स्कॅन पीडीएफ यूएसबीने टाका. २०२४ पासूनची किंडलं मॅक संगणकाला साध्या ड्राइव्हसारखी दिसत नाहीत, त्यासाठी वेगळं ॲप लागतं. किंडलच्या जुन्या ‘मोबी’ प्रकारातल्या फाइली पाठवू नका, ती सेवा बंद झाली. कॅलिबरमध्ये ईपब करून पाठवा. करतानाच पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ नोंदवा, कारण फॉन्टची यादी भाषेवर ठरते.

४. मांडणीत दोन्ही कडा सरळ ठेवण्याऐवजी फक्त डावी कड सरळ ठेवा. मराठी शब्द लांब, ओळ छोटी, आणि शब्द तोडायची सोय नाही. दोन्ही कडा जुळवायला गेलं की शब्दांमध्ये खिंडारं पडतात. ओळींतलं अंतर मधलं ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

५. स्कॅन वाचताना समास कापायची सोय वापरा. ती यंत्रात नसेल तर ‘के२पीडीएफऑप्ट’ हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर समास कापून नवी पीडीएफ देतो. जुन्या फॉन्टच्या पीडीएफलाही चालतो, कारण तो पानाचं चित्र कापतो, मजकुराला हात लावत नाही.

६. एका रात्री सलग तासभर वाचा. प्रकाश असमान वाटला, ठिपका दिसला, पान दोनदा उलटलं, तर लगेच परत करा. ‘सवय होईल’ म्हणून ठेवून देऊ नका.

आयपीएक्स८ असलं तरी पावसात भिजलेलं यंत्र लगेच चार्जिंगला लावायचं नाही. या यंत्रांवर त्या खुणेचा अर्थ दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर, एवढाच. साबणाचं किंवा समुद्राचं पाणी त्यात येत नाही. भोक खाली करून, कव्हर काढून, पूर्ण वाळेपर्यंत ठेवा. पिशवीत ठेवताना पडद्याची बाजू डब्याला किंवा किल्ल्यांना टेकणार नाही अशी वळवा.